कोर्टाच्या कागदावर ‘भरून पावलो’ : इंदूरमध्ये पैशाचा हुकूमनामा वसूल करताना आणि फेडताना

दिवाणी कोर्ट दावा जिंकणाऱ्याला पैसे आणून देत नाही. अमुक रक्कम, अमुक व्याज, अमुक खर्च देणं लागतं एवढं ते ठरवून देतं. पुढची वसुली ज्याची त्याने वेगळा अर्ज करून मागायची असते. उलट बाजूने देणेकऱ्याचीही अशीच गफलत होते. तो कोर्टाबाहेर पैसे चुकते करतो, हात जोडतो आणि घरी जातो. कोर्टात त्याची नोंद झाली नसेल तर वसुली करणाऱ्या कोर्टाच्या लेखी ते पैसे दिलेलेच नसतात. दोन वर्षांनी जप्तीचा माणूस दारात उभा राहतो आणि खिशातली पावती दाखवून काही उपयोग होत नाही. हा लेख घेणेकरी आणि देणेकरी या दोघांसाठीही आहे. त्यात विचार फक्त पैशाच्या हुकूमनाम्याचा केला आहे. घराचा ताबा, वाटणी किंवा मनाई यांची वाट वेगळी असते.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. इंदूरच्या रामबाग किंवा लोकमान्य नगरातल्या मराठी घरात ‘हुकूमनामा’ आणि ‘दरखास्त’ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. पुण्याच्या कोर्टात आजही तेच चालतात. इंदूरच्या जिल्हा न्यायालयात मात्र कारभार हिंदीत चालतो. तिथे हुकूमनाम्याला ‘डिक्री’ किंवा ‘आज्ञप्ति’ म्हणतात आणि दरखास्तीला ‘निष्पादन’ किंवा जुन्या बोलीत ‘इजरा’. घेणेकरी तो ‘डिक्रीधारी’, देणेकरी तो ‘निर्णीत ऋणी’. जप्तीला ‘कुर्की’, प्रमाणित प्रतीला ‘नकल’ किंवा ‘प्रतिलिपि’, नोटीस बजावण्याच्या फीला ‘तलवाना’ आणि बजावणी करणारी माणसं जिथून निघतात त्या खात्याला ‘नजारत’ म्हणतात. खिडकीवर ‘दरखास्त कुठे द्यायची?’ असं विचारलंत तर समोरचा कुठलाही साधा अर्ज समजेल. ‘इजरा लावायचा आहे’ म्हणा, काम पुढे सरकेल.

हुकूमनामा हातात आल्यावर पहिल्याच दिवशी

निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत. निकालपत्रात कारणं असतात. हुकूमनाम्यात फक्त फळ असतं, म्हणजे कोणी, कोणाला, किती आणि कधीपासूनच्या व्याजासह द्यायचं. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश २० प्रमाणे निकालानंतर १५ दिवसांत हुकूमनामा तयार व्हायला हवा. तो कधीही तयार झाला तरी त्याच्यावर तारीख निकालाचीच पडते. वसुली हुकूमनाम्याची होते, निकालपत्राची नाही. त्यामुळे नकल शाखेत दोन्हींसाठी अर्ज करा आणि हुकूमनाम्याच्या किमान दोन प्रमाणित प्रती घ्या. एक इजऱ्याला जोडावी लागते, दुसरी घरी राहू द्या.

प्रत हातात पडली की खिडकीपासून हलण्याआधी चार गोष्टी वाचा. दोन्ही पक्षांची नावं, वडिलांची नावं आणि पत्ते बरोबर आहेत का? मुद्दलाचा आकडा अक्षरी आणि अंकी सारखाच आहे का? व्याजाचा दर आणि तो कधीपासून कधीपर्यंत, हे स्पष्ट आहे का? शेवटी वाद-खर्चाचा तक्ता भरलेला आहे का? कोर्ट फी, वकील फी, तलवाना आणि साक्षीदारांचा भत्ता या तक्त्यात बेरजेसह येतात. हा तक्ता कोरा राहिला की पुढे खर्चाची वसुली अडते, आणि हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. लिहिण्यातली किंवा बेरजेतली चूक कलम १५२ खाली कधीही दुरुस्त करून मिळते. मात्र ती इजरा लावण्याआधी करून घ्या. वसुली करणारं कोर्ट हुकूमनाम्याच्या पाठीमागे जाऊन ‘कोर्टाला खरं तर असं म्हणायचं होतं’ हे ऐकून घेत नाही. त्याच्यापुढे जे लिहिलं आहे, तेच खरं.

व्याजाची ओळ सगळ्यात महत्त्वाची. निकालाच्या तारखेनंतरचं व्याज कलम ३४ प्रमाणे साधारणपणे वर्षाला ६ टक्क्यांपर्यंतच मिळतं. व्यापारी व्यवहारातलं देणं असेल तर कराराचा दर, किंवा करारात दर नसेल तर बँकांचा दर, कोर्ट देऊ शकतं. निकालानंतरच्या व्याजाबद्दल हुकूमनामा गप्प असेल तर ते नाकारलं असं धरलं जातं. त्यासाठी पुन्हा वेगळा दावाही लावता येत नाही.

हिशेब

इजऱ्यातली निम्मी भांडणं हिशेबावरून होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा. समजा हुकूमनामा ३,००,००० रुपये मुद्दलाचा आहे, दावा दाखल झाल्याच्या तारखेपासून, म्हणजे १ जुलै २०२१ पासून, वसुलीपर्यंत ६ टक्के सरळ व्याज आहे आणि खर्च १६,५०० रुपये आहे. देणेकऱ्याने १ जुलै २०२४ ला एक लाख रुपये दिले. त्याच्या मनात आता दोन लाख उरले.

कोर्टातला हिशेब असा होत नाही. पैसे कशापोटी हे कुठे लिहिलेलं नसेल आणि हुकूमनाम्यानेही वेगळा क्रम सांगितला नसेल, तर आलेली रक्कम आधी व्याज आणि खर्चात जाते, उरेल ती मुद्दलात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये गुरप्रीत सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात हा नियम विस्ताराने मांडला. तीन वर्षांचं व्याज ५४,००० आणि खर्च १६,५०० मिळून ७०,५०० झाले. एक लाखातले उरलेले २९,५०० मुद्दलातून वजा झाले आणि मुद्दल राहिलं २,७०,५००. पुढच्या एका वर्षाचं व्याज त्यावर १६,२३०. म्हणजे १ जुलै २०२५ ला देणं २,८६,७३० रुपये. दोन लाखांची तयारी करून आलेल्या माणसाला हा आकडा अन्याय वाटतो, आणि समजूत घालायला तेव्हा कोणी मोकळं नसतं.

खर्चाच्या रकमेवर व्याज लावू नका आणि व्याजावर व्याज लावू नका. तारीख, आलेली रक्कम, ती कशातून वजा झाली आणि बाकी किती, असा चार रकान्यांचा तक्ता वहीत पहिल्या दिवसापासून ठेवा.

मुदत

पैशाचा हुकूमनामा मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३६ प्रमाणे बारा वर्षं वसूल करता येतो. अपील होऊन निकाल लागला असेल तर मूळ हुकूमनामा अपिलाच्या हुकूमनाम्यात विलीन होतो आणि बारा वर्षं तिथून मोजली जातात. बारा वर्षं म्हणजे भरपूर वेळ असं समजून बसू नका. हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटून गेल्यावर इजरा लावलात तर देणेकऱ्याला आधी ‘का वसूल करू नये’ अशी नोटीस जाते. आदेश २१ नियम २२ तसं सांगतो. या नोटिशीच्या बजावणीत सहा-सहा महिने जातात आणि तोवर गाडी विकली जाते, खातं रिकामं होतं. तेव्हा दोन वर्षांच्या आत इजरा लावा.

समोरच्याने अपील केलं म्हणजे वसुली थांबली, असं मुळीच नाही. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे, उच्च न्यायालयात ९० दिवसांची. अपील दाखल झालं तरी स्थगितीचा लेखी आदेश येईपर्यंत इजरा चालू राहतो. पैशाच्या हुकूमनाम्यात स्थगिती मागणाऱ्याला अपील कोर्ट बहुधा रक्कम जमा करायला किंवा जामीन द्यायला सांगतं. ‘वरच्या कोर्टात केस आहे’ या एका वाक्यावर माघार घेऊ नका. आदेश दाखवा म्हणा.

इजऱ्याचा अर्ज

अर्जाचा छापील नमुना संहितेच्या परिशिष्ट ई मध्ये सहाव्या क्रमांकावर आहे. अर्ज त्याच कोर्टात द्यायचा, ज्याने हुकूमनामा दिला. रकाने ठरलेले आहेत : दाव्याचा क्रमांक, पक्षांची नावं, हुकूमनाम्याची तारीख, अपील झालं का, आजवर काही रक्कम मिळाली का, आधी इजरा लावला होता का आणि त्याचं काय झालं, व्याजासह येणं किती, खर्च किती, वसुली कोणाविरुद्ध आणि शेवटी कोर्टाने मदत कोणत्या प्रकारे करावी.

यातले दोन रकाने माणसाला गोत्यात आणतात. पहिला मिळालेल्या रकमेचा. हुकूमनाम्यानंतर रोखीने दहा हजार जरी मिळाले असले तरी ते इथे लिहा. लपवलंत आणि देणेकऱ्याने बँकेचा उतारा आणून टाकला, तर कोर्टाचा तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. दुसरा शेवटचा रकाना. तिथे ‘योग्य ती कारवाई करावी’ असं लिहून चालत नाही. पगार जप्त करायचा, खातं जप्त करायचं, घरातलं सामान की जमीन, हे स्पष्ट लिहावं लागतं. सामान असेल तर यादी जोडा. जमीन असेल तर चतुःसीमा, खसरा (म्हणजे जमिनीचा सर्व्हे) क्रमांक, पटवारी हल्का (म्हणजे तलाठ्याचं क्षेत्र) आणि देणेकऱ्याचा त्यातला हिस्सा लिहा. अर्जात त्रुटी निघाली तर कोर्ट ती दुरुस्त करायला वेळ देतं, पण तारीख मात्र पुढे जाते.

अर्ज नोंदला की इजऱ्याला स्वतःचा क्रमांक पडतो. ई-कोर्टच्या ॲपवर प्रत्येक प्रकरणाला मिळणाऱ्या सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांकाने पुढची तारीख घरबसल्या दिसते. तारीख चुकवू नका, तलवाना वेळेवर भरा. या दोन गोष्टी राहिल्या म्हणून इजरे खारीज होतात. गैरहजेरीमुळे खारीज झालेला इजरा पुन्हा उभा करायला ३० दिवस मिळतात.

खारीज होण्यात आणखी एक छुपा धोका आहे. जप्ती झालेली असताना तुमच्या चुकीने इजरा खारीज झाला, तर ‘जप्ती कायम राहील’ असं कोर्टाने आदेशात लिहिलेलं असावं लागतं. ते लिहायचं राहिलं तर आदेश २१ च्या नियम ५७ प्रमाणे जप्ती आपोआप संपते. दोन वर्षं धरून ठेवलेला प्लॉट एका न लिहिलेल्या ओळीमुळे सुटतो. तशी वेळ आलीच तर त्याच दिवशी आदेशिका, म्हणजे प्रकरणातल्या तारीखवार आदेशांची नोंद, वाचा.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शाह विरुद्ध जिनेंद्र कुमार गांधी या निकालात सांगितलं की इजरा दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली निघावा आणि वेळ वाढवायचा तर कारणं लिहून ठेवावीत. २०२५ मध्ये पेरियम्मल प्रकरणात ते पुन्हा बजावलं. प्रकरण रेंगाळत असेल तर या निकालांचा उल्लेख करून लवकर सुनावणीचा अर्ज द्यायला संकोचू नका. तो तुमचा हक्क आहे.

देणेकऱ्याची मालमत्ता कुठे आहे?

इजरा बहुतेकदा इथेच अडतो. कोर्ट स्वतःहून मालमत्ता शोधत नाही. तुम्ही सांगाल तिथेच जप्ती जाते. दाव्याची जुनी फाईल काढा. देणेकऱ्याने दिलेला धनादेश असेल तर त्यावर बँक, शाखा आणि खाते क्रमांक छापलेला असतो. तो दावा चालू असतानाच टिपून ठेवलेला बरा. जमिनीचा खसरा-खतौनी सरकारी भूलेख पोर्टलवर दिसतो. रजिस्ट्री झालेल्या दस्तांचा शोध ‘संपदा’ या दस्तनोंदणीच्या सरकारी पोर्टलवर घेता येतो. शहरातल्या घरासाठी नगर निगमच्या मालमत्ता कराचं खातं कोणाच्या नावावर आहे ते पाहा. कराचं खातं म्हणजे मालकी नव्हे, पण धागा सापडतो.

एवढं करूनही हाती काही लागलं नाही तर आदेश २१ नियम ४१ वापरा. हुकूमनामा ३० दिवस न फेडलेला राहिला की कोर्ट देणेकऱ्याला त्याच्या सगळ्या मालमत्तेचं शपथपत्र द्यायला सांगू शकतं. त्याचा नमुना परिशिष्ट ई मधला १६-अ. आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग होऊ शकतो. हा अर्ज सगळ्यात कमी वापरला जातो आणि आमच्या मते सगळ्यात उपयोगी आहे. इजरा लावतानाच तो सोबत जोडा. शपथपत्रात खोटं लिहिणं देणेकऱ्याला पुढे महाग पडतं, म्हणून पुष्कळ जण या टप्प्यावरच तडजोडीला येतात.

जप्ती

पगारदार माणूस असेल तर पगारासारखा खात्रीचा मार्ग नाही. कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित राहतात. ४०,००० पगारावर १,००० अधिक ३९,००० चे दोन-तृतीयांश म्हणजे २६,०००, असे २७,००० सोडले की महिन्याला १३,००० कापता येतात. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण २४ महिने झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा होतो. वरच्या दराने दोन वर्षांत ३,१२,००० वसूल होतात. येणं त्याहून मोठं असेल तर बाकीसाठी दुसरा मार्ग आधीच आखून ठेवा. आदेश पगार देणाऱ्या कार्यालयाला जातो आणि कापलेली रक्कम कोर्टात पाठवणं त्याच्यावर बंधनकारक असतं. पोटगीच्या हुकूमनाम्यात सूट उलटी आहे. तिथे फक्त एक-तृतीयांश पगार सुरक्षित असतो.

बँक खात्यासाठी शाखेचं नाव आणि खाते क्रमांक अचूक हवा. नुसतं बँकेचं नाव लिहिलंत तर आदेश टेबलावरच राहतो. एखाद्या तिसऱ्या माणसाकडून देणेकऱ्याला पैसे यायचे असतील, म्हणजे भाडेकरूकडून भाडं किंवा व्यापाऱ्याकडून मालाची किंमत, तर त्या तिसऱ्यालाच कोर्ट ‘पैसे इकडे भरा’ असं सांगू शकतं. सियागंज किंवा क्लॉथ मार्केटमधला देणेकरी असेल तर त्याच्या गिऱ्हाइकांची उधारी पाहणं घरातला फ्रीज उचलण्यापेक्षा पुष्कळ फळतं.

घरातलं सामान शेवटी ठेवा. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याचे बैल आणि औतं, शेतकऱ्याचं राहतं घर, भविष्य निर्वाह निधी आणि सरकारी पेन्शन यांना हात लावता येत नाही. उरलेलं सामान उचलण्याची मजुरी, ठेवण्याचा खर्च आणि लिलावात येणारी किंमत यांचं गणित मांडलं की बऱ्याचदा पदरात काही पडत नाही.

स्थावर मालमत्तेत जप्तीचा आदेश जागेवर, कोर्टात आणि गरजेप्रमाणे जिल्हाधिकारी किंवा पंचायत कार्यालयात लावला जातो. जप्तीनंतर देणेकऱ्याने केलेली विक्री जप्तीविरुद्ध टिकत नाही. म्हणून जप्ती झाली की आदेशाची नकल घेऊन तहसीलमध्ये खसऱ्याच्या कैफियतीत, म्हणजे शेऱ्याच्या रकान्यात, नोंद करून घ्या, म्हणजे घेणाऱ्या तिसऱ्याच्या लक्षात येईल. त्यानंतर लिलावाची जाहिरात आणि किमान १५ दिवसांनी लिलाव. बोली लागताच २५ टक्के, उरलेले १५ दिवसांत. घेणेकऱ्याला स्वतः बोली लावायची असेल तर आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. देणेकऱ्याला लिलावानंतरही ६० दिवसांची एक संधी असते. जाहिरातीतली पूर्ण रक्कम घेणेकऱ्यासाठी आणि लिलावाच्या किमतीच्या ५ टक्के खरेदीदारासाठी जमा केले तर लिलाव रद्द होतो. ही संधी माहीत नसल्याने घरं गेली आहेत, ती लक्षात ठेवा.

अटकेबद्दल थोडंच. स्त्रीला पैशाच्या हुकूमनाम्यात अटक होत नाही. पुरुषालाही केवळ गरीब आहे म्हणून तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून दिलं नाही किंवा मालमत्ता लपवली, हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस प्रकरणात हे ठरवलं. तुरुंगातला भत्ता घेणेकऱ्यालाच भरावा लागतो, मुदत फार तर तीन महिने, आणि सुटून आल्यावर देणं तसंच उभं असतं. त्याच हुकूमनाम्याखाली पुन्हा अटक मात्र करता येत नाही.

हुकूमनामा पुण्याचा, देणेकरी इंदूरचा

किंवा उलट. आपल्याकडच्या कुटुंबांत हे सर्रास असतं. कोर्टाला स्वतःच्या हद्दीबाहेरच्या माणसावर किंवा मालमत्तेवर वसुली करता येत नाही. हुकूमनामा देणाऱ्या कोर्टाकडून तो दुसऱ्या कोर्टाकडे पाठवून घ्यावा लागतो. सोबत तीन कागद जातात : हुकूमनाम्याची प्रत, किती वसूल झालं आणि किती बाकी याचं प्रमाणपत्र आणि आधी काही वसुलीचा आदेश झाला असेल तर त्याची प्रत. पुण्याचा हुकूमनामा मराठीत असेल तर इंदूरमध्ये हिंदी भाषांतर जोडा, नाहीतर पहिली तारीख त्यातच जाते. वसुली संपली की इंदूरचं कोर्ट मूळ कोर्टाला निकालाचं प्रमाणपत्र पाठवतं. ते पोहोचल्याची खात्री दोन्ही बाजूंनी करून घ्यावी. ‘बाकी शून्य’ ही नोंद पुण्यात व्हायला हवी, कारण हुकूमनामा तिथला आहे.

देणेकऱ्याने पैसे कसे द्यावेत

आदेश २१ नियम १ ने मार्ग ठरवून दिले आहेत. रक्कम कोर्टात जमा करा. इंदूरमध्ये ती सीसीडी, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या ठेव खात्यात जाते. किंवा घेणेकऱ्याला मनीऑर्डरने, बँकेतून किंवा लेखी पुरावा राहील अशा पद्धतीने थेट द्या. मनीऑर्डरने किंवा बँकेतून पाठवत असाल तर दाव्याचा क्रमांक, पक्षांची नावं, इजऱ्याचा क्रमांक, पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि रक्कम मुद्दलापोटी, व्याजापोटी की खर्चापोटी, हे सगळं लिहावं लागतं. हे शेवटचं पुष्कळ जण विसरतात.

व्याज कधी थांबतं, हेही पैसे कुठे भरले यावर ठरतं. थेट घेणेकऱ्याला दिलेत तर दिल्याच्या दिवशी थांबतं. कोर्टात भरलेत तर भरल्याच्या दिवशी थांबत नाही, जमा केल्याची नोटीस घेणेकऱ्याला मिळाल्याच्या दिवशी थांबतं. म्हणून चलन भरलं की त्याच आठवड्यात पोचपावतीच्या रजिस्टर्ड डाकेने नोटीस पाठवा किंवा कोर्टामार्फत बजावून घ्या. घेणेकऱ्याने मनीऑर्डर परत केली तर ती त्याच्यापुढे आली त्या दिवसापासून व्याज थांबतं. परतीचं पाकीट फाडून टाकू नका, तोच तुमचा पुरावा आहे.

रोखीने देऊ नका. आयकर कायद्यामुळे एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला दंड होतो, ही एक गोष्ट. मोठं कारण पुढे आहे.

‘भरून पावलो’ची नोंद

कोर्टाबाहेर पैसे दिले-घेतले की घेणेकऱ्याने कोर्टाला तसं कळवणं हे त्याचं कायद्याने ठरलेलं काम आहे. आदेश २१ चा नियम २ तसं सांगतो. तो कळवत नसेल तर देणेकरी स्वतः अर्ज देऊ शकतो. पण त्याला फक्त ३० दिवस आहेत, मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२५ प्रमाणे. आणि हे ३० दिवस खरोखरच ३० दिवस आहेत. उशीर माफ करण्याची मुदत कायद्याच्या कलम ५ ची सवलत आदेश २१ च्या अर्जांना लागूच नाही. आजारपण, गावाला जाणं, ‘काकांनी कळवतो म्हणाले होते’ हे काहीही चालत नाही.

शिवाय देणेकऱ्याच्या अर्जावर नोंद तेव्हाच होते, जेव्हा पैसे नियम १ च्या पद्धतीने दिले असतील, किंवा लेखी पुरावा असेल, किंवा घेणेकऱ्याने कोर्टात कबूल केलं असेल. साक्षीदारांसमोर रोख मोजून दिले, एवढं पुरत नाही. रोख नको म्हटलं ते यासाठी. नातेवाइकांतल्या देण्यात लिहून मागायला लाज वाटते आणि नेमकी तिथेच ही चूक होते. लिहून मागणं हा अविश्वास नाही. उद्या दोघांपैकी कोणी नसेल तेव्हा वारसांना तोच कागद वाचवतो. देणेकरी वारला तर त्याच्या वारसांकडे आलेल्या मालमत्तेपुरती वसुली त्यांच्यावर चालते, आणि वडिलांनी पैसे दिले होते हे त्यांना कागदाशिवाय सिद्ध करता येत नाही.

पावती अशी असावी : ‘दिवाणी दावा क्रमांक अमुक, इजरा क्रमांक अमुक यातील हुकूमनाम्यापोटी आज १ जुलै २०२५ रोजी बँकेतून, व्यवहार क्रमांक अमुक, रुपये २,८६,७३० मिळाले. पैकी मुद्दल २,७०,५००, व्याज १६,२३०. खर्चाची रक्कम पूर्वीच मिळाली आहे. या हुकूमनाम्याखाली आता काहीही येणे नाही. भरून पावलो.’ खाली एक रुपयाच्या रसीदी तिकिटावर सही, दोन साक्षीदार. मराठीत लिहिली तरी हरकत नाही, कोर्टात देताना हिंदी भाषांतर जोडा.

याच्याच सोबत, पैसे खात्यात पडलेले दिसताच, घेणेकऱ्याची सही असलेला ‘पूर्ण संतुष्टि’चा अर्ज तयार ठेवा आणि शक्यतो दोघांनी एकाच तारखेला कोर्टात उभं राहून तो द्या. अंशतः रक्कम असेल तर अर्जात ‘आंशिक’ लिहा, बाकी किती ते आकड्यात लिहा. घेणेकऱ्यानेही यात टाळाटाळ करू नये. मिळालेली रक्कम लपवून पुन्हा वसुली मागणं ही फसवणूक आहे आणि भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे. एकापेक्षा जास्त घेणेकरी असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या. एका भावाच्या सहीवर दुसऱ्याचा हिस्सा सुटत नाही.

कोर्टाने आदेशिकेत नोंद केली, इजरा निकाली काढला, की काम संपलं असं समजू नका. त्या आदेशाची प्रमाणित नकल काढा. जप्ती असेल तर ती उठल्याचा स्पष्ट उल्लेख आदेशात आहे का ते पाहा. आदेश २१ च्या नियम ५५ प्रमाणे रक्कम फिटली की जप्ती उठते, पण बँकेला आणि पगार कार्यालयाला कोर्टाचं पत्र गेल्याशिवाय त्यांच्याकडची कपात चालूच राहते. हे पत्र निघालं का, हे नजारतमध्ये जाऊन विचारा, जावक क्रमांक लिहून घ्या. तहसीलमध्ये नकल देऊन खसऱ्याच्या कैफियतीतली जप्तीची ओळ काढून टाकायला लावा आणि महिन्याभराने नवा उतारा काढून ती खरोखर गेली का ते तपासा. फाईल अभिलेखागारात गेल्यावर हीच नकल पुन्हा मिळवायला जास्त दिवस आणि जास्त हेलपाटे लागतात, तेव्हा दोन प्रती आत्ताच घ्या. एक घराच्या रजिस्ट्रीसोबत, दुसरी मुलांना ठाऊक असेल अशा जागी.